डावीकडचा डाग

अजमानच्या इंडस्ट्रियल एरियात, टायरवाल्याच्या मागे
आमचं सुतारकामाचं वर्कशॉप.
बाहेर सेहेचाळीस, आत भुसा,
आणि काचेच्या खोलीत मी
शेकोटीची चौकट काढत बसलोय.

सॉफ्टवेअर कपाटांचं आहे.
त्याला ओटा कळतो, वॉर्डरोब कळतो,
बिजागऱ्या किती लागतील ते न विचारता सांगतं.
मँटल त्याच्या यादीत नाही.
म्हणून मी एक कपाट घेतो,
त्याची दारं काढतो, कप्पे, मग पाठ,
आणि तळाला हात लावला
की ते लाल अक्षरांत विचारतं:
तळाशिवाय कपाट? नक्की?
नक्की.
उरतात दोन खांब, वर एक फळी,
मधे काहीच न ठेवायची जागा.

बाबांना फोनवर सांगितलं,
भिंतीत चूल, तिला लाकडाची चौकट.
"आणि धूर खंयसून जाता?"
धूर नाही, बाबा. आग बटणाची.
पलीकडे बराच वेळ नुसता रंधा.
मग, "पैसे येळार देतत मा?"

मोजाबाईंनी माप दिलं नाही, फोटो दिला.
एडिंबरातलं भाड्याचं घर, तेवीस वर्षांपूर्वीचं,
अंगात दोन स्वेटर, मागे मँटल,
त्यावर घड्याळ आणि एक काडेपेटी.
अस्संच हवं.
काडेपेटी दोन इंच धरली
आणि तिच्यावरून सगळं मोजत गेलो,
फळी पाच फूट दोन सूत.
सूत हा शब्द इथे कुणाला येत नाही.
लिहितो मिलिमीटर, मनात सूत,
आणि कानात बाबा:
"लाकूड खोटा बोलणा नाय, माप घेणारो बोलता."

तीनदा बदललं. चौथ्यांदा त्या स्वतः आल्या,
अबाया भुशातून सावरत,
स्क्रीनवर बोट ठेवलं:
इथे, डावीकडे, एक डाग होता.
परीक्षेची रात्र, वीज गेलेली,
मी मेणबत्ती तशीच विसरले.
घरमालकिणीने भरपाई घेतली नाही.
तो डाग काढाल?

त्या हिंदीत म्हणाल्या, "बनाओगे?"
मराठीत मात्र मी अडकलो.
आमच्यात चित्र काढतात तसाच डागही काढतात,
एक येतो, दुसरा जातो.

सॉफ्टवेअरमध्ये साठ लाकडं, जळकं एकही नाही.

गुलझमीन स्वातचा. जेवणाच्या सुट्टीत
मागच्या अंगणात स्टोव्ह पेटवून
त्याने ओकच्या सात तुकड्यांवर डाग पाडून पाहिले.
पहिला शिक्क्यासारखा. पाचवा नाण्यासारखा.
सातवा बघून म्हणाला, खिडकी कुठल्या बाजूला होती?
ज्योत वाऱ्याने कलते, भाजणं पण कलतं.
बाईंना फोन केला.
त्या इतका वेळ गप्प की मला वाटलं रेंज गेली.
उजवीकडे, म्हणाल्या. नीट बंद व्हायची नाही.

कटलिस्टमध्ये टाकलं: भाग सात, फळी, ओक,
डाग डावीकडे, हाताने.
पॉलिशवाला बिजू मल्याळीशिवाय काही वाचत नाही.
पॉलिशपेपर घेऊन तो फळीवर वाकलाच होता,
मी काचेच्या खोलीतून ओरडत धावलो,
चपला तिथेच राहिल्या.

शारजाच्या त्या व्हिलात भिंत तीन मिलिमीटर कललेली.
पाचर मारली, पट्टी घासली, बसवली.
बाईंनी एसी सोळावर नेला,
मग बटण दाबलं.
नारिंगी उजेड हलायला लागला
आणि गुलझमीनने दोन्ही हात पुढे केले.
ऊब नव्हती. तरी थोडा वेळ तसेच ठेवले.

त्या डागावरून अंगठा फिरवत होत्या.
मग पर्समधून काढली तीच काडेपेटी,
फोटोतली, रिकामी, लेबल उडालेलं,
आणि फळीवर ठेवली.

मी खिशातला टेप हळूच लावून पाहिला.
दोन इंच एक सूत.
म्हणजे एडिंबराची फळी
आमच्या फळीहून जवळजवळ चार इंच लांब.

टेप आत ओढून घेतला.
बाई म्हणत होत्या, अस्सल, अगदी अस्सल,
आणि मी पाचरीचा उरलेला तुकडा
खिशात चाचपत
होय म्हणालो.